वाळवंटाची साक्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ॲरिझोना या संस्थानांत टूसॉन नांवाचें शहर आहे. हिवाळ्यांत तेथील हवा सुखकर असते. त्यामुळें दूरदूरचीं माणसें तेथें येतात, आणि आलेला प्रवासी एक दिवस तरी शहराबाहेरच्या वाळवंटांत घालवितोच. सकाळीं निघावें, पाणी व शिदोरी बरोबर घ्यावी, दिवसभर खडकांतून हिंडावें, आणि सूर्य मावळतांना तांबूस आकाशावर उंच निवडुंगांच्या काळ्या आकृति उमटल्या म्हणजे त्यांचें छायाचित्र घेऊन परत फिरावें, असा तेथील परिपाठ आहे.

हा निवडुंग म्हणजे सग्वारो. चाळीस-पन्नास फूट उंचीचें खांबासारखें खोड, आणि त्याला हात वर केल्याप्रमाणें फुटलेल्या जाड फांद्या, असें त्याचें रूप असतें. अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या घड्या असतात. पाऊस पडला कीं मुळें पाणी शोषून घेतात आणि बाजाच्या पेटीचा भाता उघडावा त्याप्रमाणें या घड्या उलगडून खोड फुगतें. अवर्षणांत तें पुन्हां आक्रसतें. याची वाढ मात्र विलक्षण मंद आहे. पहिल्या आठ-दहा वर्षांत रोप इंच-दीड इंचापेक्षां उंच होत नाहीं. पहिलें फूल येण्यास तीस-पस्तीस वर्षें लागतात, पहिली फांदी फुटण्यास त्याहूनहि पुष्कळ अधिक. आणि आयुष्य दीडशे ते दोनशे वर्षांचें असतें. त्या भागांतील मूळचे रहिवासी तोहोनो ओओधाम लोक जूनच्या कडक उन्हांत लांब काठीनें याचीं फळें काढतात आणि त्यांचा पाक करतात. सग्वारोला ते माणसांच्याच पंक्तीला बसवितात. आपल्याकडील कुंपणांवरचा फड्या निवडुंगहि मूळचा अमेरिकेचाच. युरोपीय लोकांच्या मागोमाग तो इकडे आला. त्रिधारी निवडुंग तेवढा नांवाचाच निवडुंग; तो शेराच्या कुळांतला.

हौसेनें घेतलेलीं असलीं छायाचित्रें बहुधा घरच्या पेटींत पडून राहतात. परंतु त्याच प्रदेशांतील कांहीं जुन्या चित्रांना निराळें नशीब लाभलें. सग्वारोचें वन मरत चाललें आहे काय, आणि मरत असल्यास तें कोणामुळें, असा एक मोठा वाद तेथें उत्पन्न झाला. त्या वादांत साक्ष देण्यास हीं जुनीं चित्रें उभीं राहिलीं. ही साक्ष कशी जमत गेली आणि ती कितपत विश्वासास पात्र ठरली, याचा वृत्तान्त ऐकण्यासारखा आहे.

या कथेचा आरंभ टिमथी ओसलिव्हन याच्यापासून करणें सोयीचें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाचीं रणांगणें चित्रित करून त्यानें नांव मिळविलें होतें. युद्ध संपल्यावर, १८६७ सालीं, क्लॅरेन्स किंग या भूगर्भशास्त्रज्ञाच्या पाहणी-पथकाबरोबर तो पश्चिमेकडील ओसाड मुलखांत गेला. त्या काळीं तयार फिल्म नव्हती. कांचेवर कलोडियन नांवाचा चिकट द्राव ओतावयाचा, ती कांच चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि ती सुकण्यापूर्वीं पुन्हां अंधारांत नेऊन धुवावयाची. हें सारें दहा-पंधरा मिनिटांत उरकावें लागे. जेथें पिण्याला पाणी मिळण्याची मारामार आणि ओली कांच पाहतां पाहतां कोरडी पडते, तेथें हा उद्योग म्हणजे एक तपश्चर्याच होती. आजारी शिपाई वाहून नेण्याची लष्करी गाडी घेऊन ओसलिव्हननें तींतच आपली अंधारी खोली थाटली होती. नेव्हाडांतील कार्सन वाळवंटाचें त्याचें एक चित्र प्रसिद्ध आहे. चोहोंकडे वाळूच्या टेकड्या, मधोमध खेचरें जुंपलेली ती गाडी, आणि गाडीपासून निघून कॅमेऱ्याकडे येणारी पावलांची ओळ. माणूस चित्रांत नाहीं. त्याचे ठसे तेवढे आहेत.

पुढें १८७३ सालीं तो न्यू मेक्सिकोंतील एका प्रचंड खडकापाशीं पोहोंचला. त्या खडकावर पूर्वींच्या स्पॅनिश प्रवाशांनीं आपलीं नांवें व तारखा कोरून ठेविल्या आहेत. तेथील एका लेखाचें चित्र घेतांना ओसलिव्हननें त्या लेखाखालीं एक मोजपट्टी टेकवून ठेविली. अक्षरें किती मोठीं आहेत हें पाहणाऱ्याला कळावें, एवढाच त्याचा हेतु. वाळवंटांत कोणतीहि वस्तु जवळ आहे कीं दूर, लहान आहे कीं मोठी, हें डोळ्याला सहसा उमगत नाहीं. सोबत माप असेल तरच चित्र बोलतें. हा मनुष्य १८८२ सालीं, चाळिशीच्या सुमारास, क्षयानें वारला.

ओसलिव्हन कसलेला कारागीर होता. त्याच्यानंतर जो मनुष्य या गोष्टींत येतो त्याला कॅमेऱ्याचें ज्ञान मुळींच नव्हतें. रॉबर्ट स्टॅन्टन हा रेल्वेचा इंजिनियर. कोलोरॅडो नदीच्या भयंकर घळईंतून, नदीच्या कांठाकांठानें, आगगाडीचा रस्ता काढावयाचा अशी एका कंपनीची कल्पना होती, आणि त्या मार्गाची पाहणी करण्यास १८८९ सालीं होड्या निघाल्या. पाण्यावर तरंगण्याचीं जाकिटें बरोबर घेण्याची बुद्धि कोणास झाली नाहीं. कंपनीचा अध्यक्ष व आणखी दोघे बुडाले, तेव्हां मंडळी परत फिरली. आणि त्याच हिवाळ्यांत नव्या होड्या घेऊन पुन्हां नदींत उतरली. १८९० च्या पहिल्याच दिवशीं पथकाचा छायाचित्रकार फ्रँक निम्स कड्यावरून पडून जबर जखमी झाला. त्याला घळईच्या भिंतीवरून मोठ्या कष्टानें वर चढवून बाहेर पाठविलें. आतां चित्रें कोण घेणार? स्टॅन्टननें कॅमेरा स्वतःच्या हातीं घेतला, आणि पुढील सारा मार्ग, वळणामागून वळण, एखाद्या जमाखर्चाच्या वहीप्रमाणें टिपून काढला. चित्र सुंदर दिसावें ही चिंता त्याला नव्हती. रूळ कोठें बसतील एवढेंच त्याला पाहावयाचें होतें. आगगाडी कधींच झाली नाहीं. चित्रें मात्र शेंकड्यांनीं राहिलीं, आणि त्यांत त्याच्या नकळत नदीकांठचें एकूण एक झुडूप येऊन बसलें.

अशीच नकळत साक्ष सरहद्दीवरहि तयार झाली. १८९२ ते १८९४ या काळांत अमेरिका व मेक्सिको यांच्या सरहद्दीची फेरमोजणी होऊन तिच्यावर २५८ स्तंभ कायम करण्यांत आले, आणि स्तंभांचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं. चित्र स्तंभाचें, पण स्तंभामागें डोंगर होता आणि डोंगराच्या अंगावर गवत, झाडें, निवडुंग होते.

वनस्पतींकरितांच चित्रें घेणारे लोक यानंतर आले. १९०३ सालीं कार्नेजी संस्थेनें टूसॉनजवळच्या टुमामॉक टेकडीवर वाळवंटांतील वनस्पतींच्या अभ्यासासाठीं प्रयोगशाळा स्थापिली. डॅनियल मॅकडूगल हा वनस्पतिशास्त्रज्ञ तिचा प्रमुख झाला. थोड्याच वर्षांत टेकडीभोंवतालच्या सुमारें ८६० एकरांना कुंपण घालून गुरें बाहेर ठेवण्यांत आलीं, आणि जमिनीचे तुकडे आंखून त्यांतील प्रत्येक रोपाची नोंद सुरू झाली. १९०८ सालीं तेथील सग्वारोंचीहि पाहणी झाली. आधींच्या वर्षीं, १९०७ च्या नोव्हेंबरांत, मॅकडूगल, न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक हॉर्नाडे, भूगोलज्ञ साइक्स आणि फिलिप्स नांवाचे गृहस्थ अशी मंडळी सरहद्द ओलांडून पिनाकाते या ज्वालामुखीच्या प्रदेशांत गेली होती. काळ्या लाव्ह्याचे ते मैलच्या मैल पसरलेले खडक. आणि त्यांत एकाएकीं पायांखालीं उघडणारीं अवाढव्य विवरें. लोणारचें सरोवर ज्या श्रोत्यांनीं पाहिलें असेल त्यांना या विवरांची कल्पना सहज येईल. लोणार उल्केच्या आघातानें झालें आणि हीं ज्वालामुखीच्या स्फोटानें, पण कांठावर उभें राहिल्यावर छातींत होणारी धडधड तीच. त्यांपैकीं एका विवराला मंडळींनीं मॅकडूगलचें नांव दिलें, आणि त्याच्या सपाट तळावर उगवलेल्या झुडपांचें वरून चित्र घेतलें. त्या चित्राची योग्यता कळण्यास पन्नास वर्षें जावीं लागलीं.

कारण एकटें चित्र फारसें सांगत नाहीं. एखादें दृश्य आज कसें आहे हें तें दाखवितें. पूर्वीं कसें होतें आणि पुढें काय होणार, याविषयीं तें मुकें असतें. त्याच जागेवरून, त्याच दिशेनें घेतलेलें दुसरें चित्र शेजारीं ठेवावें लागतें. ही युक्ति प्रथम आल्प्स पर्वतांतील हिमनद्या मोजणाऱ्या जर्मन पंडितांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरली. मरुभूमींतील वनस्पतींना ती पद्धतशीर लागू करण्याचें श्रेय मुख्यतः होमर शान्ट्झ आणि रेमंड टर्नर यांना द्यावें लागेल. शान्ट्झ हा ॲरिझोना विद्यापीठाचा एके काळचा अध्यक्ष. १९१९-२० मध्यें आफ्रिकेंत फिरून त्यानें वनस्पतींचीं चित्रें घेतलीं होतीं. वयाच्या ऐंशीच्या घरांत असतांना तो पुन्हां आफ्रिकेला गेला आणि त्याच जागा हुडकून त्याच जागांवर उभा राहिला! टर्नर या त्याच्या तरुण सहकाऱ्यानें ती चित्रें जुळविलीं व त्यांचें पुस्तक १९५८ सालीं निघालें. त्याच वर्षीं शान्ट्झ वारला. टर्नरनें मग हीच पद्धति स्वतःच्या घराभोंवतालच्या वाळवंटावर चालविली. रॉडनी हेस्टिंग्स या विद्वानाच्या मदतीनें त्यानें सरहद्दीचीं, प्रयोगशाळेचीं, जुन्या खाणींचीं व गांवांचीं चित्रें गोळा केलीं आणि एकेक जागा शोधून काढली. १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द चेंजिंग माइल’ या ग्रंथांत अशा जोडचित्रांचा मोठा संग्रह आहे.

जागा शोधावयाची कशी, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनांत येईल. येथें खडक उपयोगीं पडतो. जुनें चित्र हातांत धरून मनुष्य अंदाजानें त्या ठिकाणीं जातो. जवळच्या एका शिळेचें टोक मागच्या डोंगराच्या कोणत्या खांचेवर येतें हें तो चित्रांत पाहतो. प्रत्यक्षांत तें टोक डावीकडे पडत असेल तर त्याच बाजूला, म्हणजे डावीकडे, सरकावयाचें. उजवीकडे पडत असेल तर उजवीकडे. जवळचें व दूरचें सर्व जुळेपर्यंत हा खेळ चालतो. शेवटीं तिवई जेथें टेकते तेथें पूर्वींच्या मनुष्याची तिवई वीत-दीड वितीच्या अंतरांत उभी होती असें खुशाल समजावें. सांवल्यांवरून महिना व तासहि काढतां येतो. शंभर वर्षांत खडक बहुधा हालत नाहीं. त्याच्या मापानें झाड वाढलें, वठलें कीं नाहींसें झालें, हें मोजतां येतें. ओसलिव्हननें लेखाखालीं मोजपट्टी ठेविली होती. येथें तें काम डोंगरच करतो.

परंतु साक्षीदार खरें बोलतो कीं नाहीं, हेंहि पाहावयास हवें. १९७७ सालीं मार्क क्लेट आणि त्याचे सोबती यांनीं ओसलिव्हन वगैरे जुन्या छायाचित्रकारांच्या शंभराहून अधिक जागा शोधून तेथून पुन्हां चित्रें घेण्याचा उपक्रम सुरू केला. त्यांतील रिक डिंगस हा यूटामधील वेबर खोऱ्यांतल्या सुळक्यांपुढें उभा राहिला, आणि कांहीं केल्या चित्र जुळेना. अखेर ध्यानांत आलें कीं ओसलिव्हननें १८६९ सालीं कॅमेरा मुद्दाम तिरपा धरला होता. त्यामुळें उतारावरील खडक अधिक विक्राळ व चमत्कारिक दिसत होते. शंभर वर्षें लोक त्या चित्राला निसर्गाची हुबेहूब प्रत मानीत आले होते. यावरून ओसलिव्हनला लबाड ठरविण्याची घाई करूं नये. सरकारी कामांतहि त्याला डोळा होता, एवढाच याचा अर्थ. पण चित्र म्हणजे निर्विवाद पुरावा, ही समजूत तेथें ढासळली. आणि ती खडकांनींच ढासळविली.

आतां मुख्य वादाकडे वळावयास हरकत नाहीं. टूसॉनच्या पूर्वेस सग्वारोंचें इतकें दाट वन होतें कीं १९३३ सालीं राष्ट्राध्यक्ष हूवर यांनीं तें संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केलें. १९३५ सालचीं चित्रें पाहिलीं तर एखाद्या सैन्यानें शस्त्रें उगारून उभें राहावें तसे ते उंच निवडुंग दिसतात. पण दहा वर्षेंहि झालीं नाहींत तोंच तीं झाडें काळीं पडून, पाझरून, कोसळूं लागलीं. पाझरणाऱ्या भागांत एक जंतु सांपडला, आणि रोग ओळखला गेला असें सर्वांस वांटलें. सांथ आवरण्याकरितां एका भागांतील रोगट झाडें तोडून, तुकडे करून, पुरून टाकण्यांत आलीं. मृत्यु थांबला नाहीं. १९६२ सालीं तर दोघां अभ्यासकांनीं गणित मांडून असें भाकीत केलें कीं शतकाच्या अखेरीस हें वन जवळजवळ नामशेष होईल.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता. जंतु कारण असेल तर झाडें तोडावयाचीं; गुरें कारण असतील तर गुराख्यांचीं पिढीजात कुरणें बंद करावयाचीं; हवा कारण असेल तर हात जोडून बसावयाचें. चुकीचा निवाडा झाला तर कोणाची तरी उपजीविका जाणार किंवा झाडें विनाकारण पडणार.

जोडचित्रें व जमिनीवरील मोजणी यांनीं मिळून जो उलगडा केला तो असा. जंतु हा खुनी नव्हता. तो प्रेतावर बसणारा गिधाड होता. १९३७ च्या जानेवारींत तेथें कडाक्याची थंडी पडली होती. सग्वारो उष्ण प्रदेशाची वनस्पति. दीर्घकाळ गोठण तिला सोसत नाहीं. म्हातारीं झाडें तेव्हां आंतून जखमी झालीं आणि पुढें कित्येक वर्षें एकामागून एक कोसळत राहिलीं. थंडी व मरण यांत इतकें अंतर पडल्यामुळें दोहोंचा संबंध कोणाच्या लक्षांत आला नाहीं. १९६२ सालींहि असाच गारठा पडला. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू १९३५ च्या चित्रांतच होती, पण ती पाहण्यास डोळा हवा होता. त्या भव्य सैन्यांत लहान झाडें जवळजवळ नव्हतींच! सग्वारोचें कोंवळें रोप उघड्यावर जगत नाहीं. पालो वेर्दे किंवा मेस्कीट यांसारख्या झाडाच्या सांवलींत तें लहानाचें मोठें होतें. त्या वनांत पूर्वीं चुन्याच्या भट्ट्या होत्या, त्यांच्या जळणासाठीं हींच झाडें तोडलीं गेलीं; आणि गुरें चरत असल्यामुळें उरलेलीं रोपें तुडवलीं गेलीं. दाईच मेली तर मूल जगणार कसें? उंच झाडें पाहून सर्वांनीं वनाच्या वैभवाची वाखाणणी केली, मुलें किती आहेत हें कोणी मोजलें नाहीं. तें वन मुळांतच म्हाताऱ्यांचें होतें.

१९५८ सालीं त्या वनांत चराई बंद झाली. सांवली देणारीं झाडें पुन्हां वाढलीं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाऊसहि कांहीं वर्षें अनुकूल पडला, आणि शतकाच्या अखेरीस घेतलेल्या चित्रांत जुनें सैन्य नाहीं, पण झुडपांतून डोकीं वर काढणारे कोंवळे सग्वारो शेंकड्यांनीं आहेत. नामशेष होण्याचें भाकीत चुकलें. १९९४ सालीं त्या स्मारकाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

तर मग सारा दोष गुरांचा व भट्टीवाल्यांचा, असा निकाल देऊन मोकळें व्हावें काय? येथें मॅकडूगल विवराची साक्ष आड येते. त्या विवराच्या भिंती इतक्या उभ्या आहेत कीं आंत गुरें कधीं उतरलीं नाहींत, लांकूडतोड झाली नाहीं, वस्ती झाली नाहीं. १९०७ पासून १९८६ पर्यंतचीं तेथील चित्रें टर्नरनें ओळीनें मांडलीं. माणसाचा हात न लागतांहि तेथील झुडपें एका काळांत मोठ्या संख्येनें मेलीं, दुसऱ्या काळांत पुन्हां उगवलीं. सग्वारोंची संख्याहि कमीअधिक होत गेली. तेथें दोष द्यावयास पाऊस व थंडी यांखेरीज कोणी नव्हतें. म्हणून ज्यानें गुरांवर खटला भरला त्याला विवराकडे पाहावें लागतें, आणि ज्यानें सारें हवेवर लोटलें त्याला भट्ट्यांकडे. टर्नर व हेस्टिंग्स यांनीं १९६५ सालीं हवेच्या बदलाला बरेंच झुकतें माप दिलें होतें. २००३ सालीं त्याच ग्रंथाची नवी, वाढविलेली आवृत्ति निघाली तोंपर्यंत आणखी जोडचित्रें जमलीं होतीं, आणि तींत एकच एक कारण सांगण्याचा आग्रह उरला नाहीं. विद्वानानें आपलें मत असें सुधारून घ्यावें ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाहीं.

स्टॅन्टनच्या चित्रांचें काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. १९८९ नंतर रॉबर्ट वेब या भूशास्त्रज्ञानें त्या घळईंत होडीनें जाऊन तीं चित्रें एकेक करून जुळविलीं. पुष्कळ ठिकाणीं त्याला जो प्रकार आढळला तो अपेक्षेच्या उलट होता. चित्रांत खडकाच्या शेजारीं एफेड्राचें जें खुरटें झुडूप आहे, तेंच झुडूप, त्याच जागीं, शंभर वर्षांनंतर जिवंत होतें. मनुष्याच्या तीन पिढ्या होऊन गेल्या आणि तें जेमतेम वीतभर वाढलें असेल.

एकविसाव्या शतकांत सग्वारोच्या वनावर पुन्हां काळजीचें सावट आलें आहे. १९९० नंतर त्या भागांत अवर्षणाचें दीर्घ आवर्तन सुरू झालें, आणि त्यानंतर नवीं रोपें फारच थोडीं रुजलेलीं आढळतात. मोठीं झाडें उभीं आहेत म्हणून प्रवाशाला उणीव जाणवत नाहीं. १९३५ सालींहि ती जाणवली नव्हती. पण आतां मोजणारे आहेत. टूसॉन येथें जमलेल्या जोडचित्रांच्या संग्रहांत हजारों जागांची नोंद आहे. प्रत्येक जागेला क्रमांक, कॅमेऱ्याची उंची, दिवस आणि तास. त्यांतील मूळ चित्रें सरकारी पथकांचीं आहेत, खाणवाल्यांचीं आहेत, आणि एका दिवसाच्या सहलीस आलेल्या हौशी मंडळींचींहि आहेत. पुष्कळांच्या पाठीमागें घेणाऱ्याचें नांवदेखील नाहीं. मागच्या डोंगराची रेघ जुळली म्हणजे काम भागतें.